रोटाचे गहू आणि माघारीचा शुक्रवार

तुरीच्या डाळीच्या डब्यातून घुर्रर्र असा आवाज आला आणि पुष्पाबाईंची गव्हानं भरलेली मूठ टोपलीवर हवेतच थांबली.

त्याआधी हॉलमध्ये इतकी शांतता होती की मागच्या गोठ्यात म्हैस कान झटकत होती तेसुद्धा ऐकू येत होतं. रोटाचे गहू मोजताना बोलायचं नाही, बसलेल्यानं उठायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. घरात ग्रॅनाइटची फरशी आली, एसी आला, आमदारकी आली आणि गेलीसुद्धा, पण हा नियम जागचा हलला नव्हता. श्रावणातल्या रविवारी घरात कानबाई देवी बसायची, तिच्या नैवेद्याच्या जाड रोटांसाठी शुक्रवारी गहू मोजायचे. कुळीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, मग तो पाळण्यातला असो की खाटेवरचा. बायकांची मूठ नसते. बायकांनी दळायचं, भाजायचं आणि पौर्णिमेच्या आत संपवायचं. आकडा कागदावर लिहायचा नाही, मोबाईलवर तर नाहीच नाही, डोक्यात ठेवायचा. यंदाचा आकडा होता एक्केचाळीस.

डबा पुन्हा घुरघुरला.

"आते डाळ बी बोलाले लागनी का?" भिंतीला टेकून बसलेले पुना नाना म्हणाले. हे पुष्पाबाईंच्या नवऱ्याचे, म्हणजे आबांचे, चुलतभाऊ. अकरा वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं, पण कुळी एक म्हणून गहू एकाच टोपलीत पडायचे. तेवढ्यापुरते ते दरवर्षी यायचे आणि वर्षभराचं बोलून जायचे.

मयुरीनं मान खाली घातली. टोपली धरायची ती धाकट्या सुनेनं, त्यामुळे हात दोन्ही अडकलेले. काल संध्याकाळपासून फोन थांबत नव्हता म्हणून तिनंच तो डाळीत पुरला होता. डाळ आवाज गिळेल असं तिला वाटलं होतं. शेतकी कॉलेजात चार वर्षं काढलेल्या बाईनं असं समजावं याची तिची तिलाच लाज वाटली.

"बंद कर ना तो!" मोठे दीर हितेंद्र दात आवळून म्हणाले.

"उठता येत नाही, दादा."

ते खरंच होतं. कुणालाच उठता येत नव्हतं. सगळं पाटील घराणं, त्यातला एक अधिकृत उमेदवार आणि एक माजी आमदार, डाळीच्या डब्याकडे बघत बसून राहिलं. डबा दमला तेव्हा पुष्पाबाईंनी विचारलं, "किती झाले होते?"

"अठरा," तिघं म्हणाले.

"एकोणीस," दोघं म्हणाले.

"मोडली मोजणी," पुष्पाबाई म्हणाल्या आणि टोपली कोठीत उलटी केली. "चहा घ्या. मग पहिल्यापासून."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाला होता. राहुकाळात ना अर्ज हलवायचा ना गहू मोजायचे, म्हणून तो टळल्यावर साडेबाराला सुरुवात केली होती. धुळ्याला निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात पोहोचायला इथून चाळीस मिनिटं. तिथं दुपारी तीनला माघारीची खिडकी बंद होणार होती. टीव्हीवर, रिमोटच्या खाली, मयुरीच्या माघारीचा अर्ज पडला होता. सही सोडून सगळं भरलेला.

*

हे सगळं आबांच्या राजीनाम्यानं झालं.

आबा, म्हणजे अमृत पाटील, आयुष्यभर राजीनामे देत आले होते. दूध सोसायटीचा तीनदा, हायस्कूलच्या संचालकपदाचा दोनदा, एकदा तर सख्ख्या भाच्याच्या लग्नात स्वागताध्यक्षपदाचा, तोही अक्षता पडायच्या आधी. त्यांचा राजीनामा हा रुसवा असायचा. तो दिला की आपण घरी येऊन आडवं व्हायचं. मग चार माणसं यायची, पुष्पाबाई चहा टाकायच्या, चौघं म्हणायचे आबा असं करू नका, आणि कागद फाडून चुलीत जायचा. तीस वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

यंदा ते मुंबईत रुसले. नदीवरच्या पुलासाठी. गावाच्या पलीकडच्या वस्तीतली पोरं पावसाळ्यात नदीला पाणी आलं की शाळेला येऊ शकत नाहीत. पाच वर्षं फरशीचा पूल मंजूर होता आणि पाच वर्षं कागदावर होता. आबांनी तिथल्या तिथं राजीनामा लिहिला, विधानसभेच्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आणि समोर चहा येण्याची वाट बघत बसले. अध्यक्षांनी विचारलं, स्वखुशीनं देताय ना? आबा तोऱ्यात म्हणाले, अगदी. चहा येईपर्यंत राजीनामा मंजूर झाला होता. तो चहासुद्धा, आबा नंतर सांगत, पाणचट होता.

मग पोटनिवडणूक लागली. पक्षानं आबांना कळवलं की तिकीट तुमच्याच घरात देऊ, पण तुम्हाला नाही. तिकीट हितेंद्रला गेलं. आबा तेव्हापासून खुर्ची खिडकीकडे फिरवून बसत. पूल मात्र सगळेच विसरले. हितेंद्रच्या जाहीरनाम्यात नऊ आश्वासनं होती. त्यात क्रिकेटचं मैदान होतं, पूल नव्हता.

मयुरीचा अर्ज भरला तो डमी म्हणून. मुख्य अर्ज छाननीत उडाला तर घरातला दुसरा हाताशी असावा, एवढ्यासाठी. सगळेच भरतात. चूक झाली ती जास्तीच्या काळजीनं. पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. पण दीपक वकील म्हणाला, वहिनींच्या अर्जावर दहा सह्या घेऊन ठेवा, असू द्या. मयुरीनं पलीकडच्या वस्तीतल्या दहा बायका गाठल्या, कारण तिच्या ओळखीच्या त्याच होत्या. आणि छाननीत पक्षाची डमी गळून पडली, दहा सूचकांची अपक्ष मात्र शाबूत राहिली. काल संध्याकाळी वैध उमेदवारांची यादी लागली. सात नंबरला, मयुरी नवल पाटील, अपक्ष.

"आपल्या घरातून दोन उमेदवार!" हितेंद्र रात्री जेवताना ओरडले होते. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ह्या घरात एकाला तरी निवडून यायची घाई आहे," आबा खिडकीकडे बघत म्हणाले होते.

*

मोजणी मोडली की उठायला परवानगी असते, फक्त टोपली धरणारीनं मोजणी पुरी होईपर्यंत घर सोडायचं नाही. मयुरी डब्यातून मोबाईल काढून, त्याला चिकटलेली डाळ झटकत स्वयंपाकघरात आली. मागोमाग तिची सहा वर्षांची कानू आली. कानबाईच्या आठवड्यात जन्मली म्हणून कानू. फ्रॉकच्या ओच्यात मूठभर चिंचोके.

"मम्मी, माझे पण अठरा झाले होते. बघ."

"तू मोजतेस?"

"एक नाव, एक चिंचोका. बोलायचं नाही ना, म्हणून चिंचोक्यानं." मग जरा थांबून, "माझं नाव आजीनं घेतलं नाही अजून. माझी मूठ शेवटी असते का?"

मयुरीनं तिचे केस कानामागं सारले. काल झोपवतानाही हेच विचारलं होतं तिनं, तेव्हा तुझी मूठ माझ्याजवळ असं म्हणून वेळ मारून नेली होती. आता तेवढ्यात फोन थरथरला आणि ती सुटली.

पलीकडून बेबाबाई. अर्जावरची पहिली सही तिची.

"व माय, कवानी फोन लावी ऱ्हायनू! चिन्ह भेटनं का? शिट्टीच शे ना? आम्ही बठ्ठासले सांगी टाकं. पोरं तर आतेपासूनच वाजाडी ऱ्हायनात."

"बेबाबाई, चिन्ह अजून..."

"आनी पूल पहिला, तू म्हननी ना. बठ्ठ्या जनीसले याद शे. बरं, ठेवस. नदीले पानी वाढी ऱ्हायनं."

फोन बंद झाला. मयुरी ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली होती खरी. सह्या घेताना, खाटेवर बसून, हसत हसत. मी उभी राहिले तर पहिला पूल, बरं का! सह्या मागताना काहीतरी बोलावं म्हणून बोलली होती. दहा जणींपैकी एकही हसली नव्हती. बेबाबाईनं फक्त पेन हातात धरून विचारलं होतं, "नक्की?" आणि मयुरीनं मान हलवली होती.

मोठी जाऊ ज्योती कपबशा विसळत होती. तिनं मागं न बघता विचारलं, "सही केलीस?"

"नाही अजून. गाडीत करेन."

"दुसऱ्या निवडणुकीला मी होते डमी. आबांची. आठवतं?"

मयुरीला आठवत नव्हतं. तेव्हा ती या घरात यायची होती.

"माझीपण माघार होती. आमचे हे कागद घेऊन आले तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. एका हातात पळी, दुसऱ्या हातानं सही. कढी उतू गेली नाही, एवढंच माझ्या लक्षात राहिलंय." ज्योतीनं कपबशी पालथी घातली. "आता सही करायची तर कर. नवरा माझा उभा आहे, मी काय तुला नको म्हणणार आहे का? पण करायच्या आधी काहीतरी मागून घे. मी काहीच मागितलं नव्हतं."

"काय मागू?"

"ते मला ठाऊक असतं तर मीच नसतं मागितलं?"

दारात नवल येऊन उभा राहिला. मयुरीचा नवरा, गावातलं दूध संकलन केंद्र चालवायचा. त्याला घरात भांडण झालं की दूध नासल्यासारखं वाटायचं.

"हे बघ," तो हळू म्हणाला, "दादा चिडलाय. तू एकदाची सही करून दे. पुलाचं मी दादाला सांगतो ना."

"कधी?"

"निवडून आला की."

"आबा तीनदा निवडून आले, नवल."

नवलनं कानूकडे बघितलं, चिंचोक्यांकडे बघितलं आणि कपात राहिलेला ज्योतीचा चहा पिऊन टाकला.

*

दुसरी मोजणी एक वाजता बसली.

"अमृत," पुष्पाबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं. रोटाच्या गव्हापुरतीच त्यांना ही सवलत होती आणि त्या ती चवीनं घ्यायच्या. एक मूठ, वर चिमटीनं पाव. "हितेंद्र." एक मूठ, पाव. "नवल." गहू टोपलीत सुर्रकन पडत होते. मयुरीच्या मांडीला लागून कानू बसली होती. एका हाताचं बोट ओठांवर, दुसऱ्या हातानं एकेक चिंचोका फरशीवर.

तेविसाव्या मुठीला पुष्पाबाई नानांच्या शाखेवर आल्या. "पुना." मूठ पडली. "जीवराम." मूठ पडली. हा नानांचा मोठा. मग त्या थांबल्या आणि या वेळी हितेंद्रनं नियम मोडला.

"तेजस नको."

नानांनी मान वर केली. "काबर नको?"

"नाना, तेजस दोन वर्षं पुण्याहून रोट खायला आलेला नाही. दोन वर्षं आला नाही की मूठ बंद, हे तुम्हीच ठरवलं होतं. माझ्या चुलत्याच्या वेळी."

"तो मना पोऱ्या शे."

"म्हणून काय झालं?"

"म्हंजे मना पोऱ्या तुले मतले चालस, रोटले नही चालत?"

हितेंद्रच्या चेहऱ्यावरचा रंग बघण्यासारखा झाला. नानांच्या गल्लीत तीनशे मतं होती. हितेंद्र परवाच पेढे घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन आले होते, अकरा वर्षांत पहिल्यांदा. आता त्यांना एकाच वेळी नानांची मतं हवी होती, नियम हवा होता आणि घाईही होती.

"तसं नाही नाना. तेजसला मोजू. मोज आई, मोज."

"असा कसा मोजू?" नाना मांडी बदलून आरामात बसले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नंतर मयुरीकडे. त्यांच्या ओळखीचा एक तिसराच उमेदवार रिंगणात होता आणि पाटलांच्या घरातली मतं दोन ठिकाणी गेली तर त्याचं फार बरं होणार होतं, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "पहिले माफी मांग. कानबाईसमोर. मंग मोजू. माले काही घाई नही."

"नाना, मला धुळ्याला जायचंय!"

"जाय ना. कोन धरस तुले?"

"मयुरीला घेऊन जायचंय!"

"तिनं टोपली धरेल शे."

वीस मिनिटं हे चाललं. हितेंद्रनं माफी मागितली. नानांना ती पुरेशी वाटली नाही. हितेंद्रनं पुन्हा मागितली, या वेळी अकरा वर्षांपूर्वीच्या बांधाचीही. आबा खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "बांधाची नको मागू, तो बांध आपला आहे." त्यावर आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी पुष्पाबाईंनी टोपली ओढून घेतली.

"एवढं बोलल्यावर काय मोजणी राहते? मोडली. पहिल्यापासून."

"आई!" हितेंद्र केस ओढत उभे राहिले. "सुनेला जाऊ दे ना! टोपली ज्योती धरेल!"

"धाकटी सूनच लागते."

"मग सही तरी करून दे, मी नेऊन देतो!"

फोनवर दीपक वकील होता, स्पीकरवर. "भाऊ, तुमच्या हातून नाही घेणार ते. एक तर उमेदवार स्वतः, नाहीतर त्यांनी लिहून दिलेला सूचक."

"मग सूचकाला उचला! कोण आहे?"

"पहिल्या आहेत बेबाबाई. दहाही जणी नदीपलीकडे."

"पाणी वाढलंय," नवल म्हणाला. "सकाळपासून रस्ता बंद आहे."

आबांची खुर्ची करकरली. वीस दिवसांत पहिल्यांदा ती खिडकीकडून आत वळली होती.

"पूल पाहिजे होता का, हितेंद्र?" आबांनी विचारलं. अगदी साधं, वेळ विचारावी तसं.

*

तिसरी मोजणी पावणेदोनला सुरू झाली. हितेंद्रनं गाडी दारात लावून इंजिन चालू ठेवलं होतं. सव्वादोनला निघालं तर पाचेक मिनिटं राखून पोहोचता येत होतं. या वेळी कुणी खोकलंसुद्धा नाही. तेजसची मूठ पडली, नाना गप्प. पाळण्यातल्याची पडली. जीवरामच्या दोन्ही मुलांच्या पडल्या.

मयुरीचे खांदे भरून आले होते. तिला शपथपत्र आठवलं. दीपक वकिलानं व्यवसायाच्या रकान्यात न विचारता गृहिणी लिहिलं होतं. मालमत्ता शून्य, वाहन शून्य, गुन्हे शून्य. मग अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या माणसानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं होतं, आणि मागं वळून बघताना तिला क्षणभर वाटलं होतं, कोण ही? लग्नाला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत तिचं पूर्ण नाव लसीकरणाच्या कार्डावर सोडून कुणी वाचलं नव्हतं. तिथंही आईचं नाव म्हणून.

पण हे सगळं मनातलं. हातात फक्त एक शब्द होता, खाटेवर बसून दिलेला. नक्की? मान हलवली होती.

पुष्पाबाईंनी एक मूठ सोडली, वर पाव. पुढची मूठ भरायला हात कोठीत घातला आणि तसाच ठेवला.

"किती झाले गं?"

त्या मयुरीकडे बघत होत्या. बाकी कुणाकडे नाही.

हितेंद्रनं तोंड उघडलं, पण त्यांना आकडा ठाऊक नव्हता, त्यांचं लक्ष घड्याळात होतं. नवल छताकडे बघत बोटं मोडत होता. नानांचे डोळे मिटलेले होते, आणि ठाऊक असता तरी त्यांनी सांगितला नसता. "ज्योती, तू तरी मोजत होतीस ना?" हितेंद्र म्हणाले.

"मी ताटं मोजते," ज्योती म्हणाली. "पुरुष आई मोजतात."

मयुरीला आकडा ठाऊक होता. प्रत्येक मूठ तिच्या हातातल्या टोपलीत पडली होती. एकतीस. शिवाय मांडीशी फरशीवर कानूनं तीन ओळींत दहा-दहा चिंचोके लावले होते, आणि खाली एक सुटा. सहा वर्षांच्या पोरीनं लावलेल्या त्या ओळी कुणीही नुसती मान वळवली असती तरी दिसल्या असत्या. एकतीस म्हणायचं, दहा मुठी राहिलेल्या, पाच मिनिटांचं काम. मग गाडी, मग धुळे, मग सही.

तिला एकदम आणखी काहीतरी कळलं. या बाईला, बाजारातून आणलेल्या लिंबांच्या पिशवीचं तोंड न सोडता चार कमी आहेत म्हणणाऱ्या बाईला, आकडा ठाऊक नव्हता असं नव्हतंच.

मयुरीनं टोपली जराशी तिरकी केली. खांद्यावरचा पदर ओघळला. तो तिनं सावरला नाही. तो कानूच्या तीन ओळींवर आणि एका सुट्या चिंचोक्यावर जाऊन पडला.

"ध्यानात नाही राहिलं, आई," ती म्हणाली.

"मग काय करणार," पुष्पाबाई म्हणाल्या. "मोडली."

पुढचा अर्धा तास हितेंद्रनं जे केलं ते कुळीत बरीच वर्षं सांगितलं जाईल. ते आधी ओरडले. मग आईच्या पाया पडले. मग म्हणाले, नियम गेला खड्ड्यात, मयुरी, चल! आणि तिचा नाही तर निदान आपला पाय तरी त्यांनी उंबऱ्याकडे टाकला.

पुष्पाबाईंनी चौथ्या मोजणीची पहिली मूठ भरली होती. वर न बघता त्या म्हणाल्या, "ओलांड. मग मी चाळीसच मोजते."

हितेंद्रचा पाय थांबला. ज्याच्या नावाची मूठ नाही त्याला रोट नाही, आणि ज्याला रोट नाही तो कुळीतला नाही. कुळीतला नसलेल्याला कुळी मत कशी देणार, हा हिशेब त्यांना तेवढ्या रागातही जमला. ते परत येऊन बसले. बाहेर गाडी तशीच घुरघुरत राहिली.

"अमृत," पुष्पाबाई म्हणाल्या. मूठ, पाव.

"बोल," आबा म्हणाले.

"तुम्हाला नाही बोलवलं. गहू मोजतेय."

या वेळी मोजणी झकास झाली. एकही चुकलं नाही, एकही अडलं नाही. शेवटची मूठ पडली आणि पुष्पाबाईंनी मोठ्यानं सांगितलं, "एक्केचाळीस." भिंतीवर तीनला तीन मिनिटं कमी होती. तीन मिनिटं सगळे ते घड्याळ बघत बसले. मग टीव्हीवर, माघारीच्या अर्जाशेजारी, हितेंद्रचा फोन वाजला आणि दीपक वकिलानं एवढंच सांगितलं, "भाऊ, खिडकी बंद."

आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग पोट, मग खुर्ची. "मी राजीनामा दिला तेव्हा," त्यांना मध्येच ठसका लागला, "तेव्हा त्या अध्यक्षानं एकदा तरी मोजणी मोडायला पाहिजे होती रे!"

नाना टाळी द्यायला पुढं झाले, आणि अकरा वर्षांनी आबांनी ती घेतलीही. नवलनं जाऊन गाडी बंद केली. येताना त्यानं टीव्हीवरचा अर्ज उचलला, बघितला, चार घड्या घातल्या आणि कुठं ठेवावा ते न कळून मयुरीकडे दिला. ज्योती आत गेली. पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. हितेंद्र दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. त्यांच्याकडे बघून मयुरीला वाईट वाटलं, खरोखर वाटलं. या माणसानं तिच्या पोरीला सायकल शिकवली होती. उद्यापासून त्याच्याविरुद्ध गावोगाव फिरायचं. नदीचं पाणी उतरलं की आधी पलीकडे.

तिनं टोपली खाली ठेवली. हातांना मुंग्या आल्या होत्या. पुष्पाबाई पदरानं कपाळ पुसत होत्या. सून काहीतरी बोलेल म्हणून त्यांनी बघितलंही नाही. "उन्हं आहेत तोवर गहू वाळत घाल," एवढंच म्हणाल्या.

मयुरी पदर सावरत उठली. फरशीवर तीन ओळी होत्या, दहा-दहाच्या, आणि एक सुटा. कानू त्यांच्यापाशी तशीच बसलेली. चौथ्या मोजणीत तिनं एकही चिंचोका लावला नव्हता. ओठांवरचं बोट तिनं आता काढलं, कारण मोजणी संपली होती आणि बोलायला परवानगी होती.

"मम्मी," ती म्हणाली. घरात त्या क्षणी दुसरं कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं. "एकतीस झाले होते. मी बरोबर मोजले होते. मग तू माझे चिंचोके का झाकले?"